बहिष्कृत शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन

नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीत जा, परळचे नाव माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. घरात कॅन्सरचा पेशंट निघाला की टाटा हॉस्पिटल आणि टाटा म्हटले की परळ. येवला, निफाड, दिंडोरी, मालेगावकडची आमची माणसे तिथल्या फूटपाथवर पथारी टाकून दिवस काढतात. परळ ओळखीचे असण्याचे दुसरे कारण ६ डिसेंबरचे. चैत्यभूमीला जाणारा भीमसागर दादरला उतरतो आणि परळ तिथून जवळच. याच परळमध्ये, टाटा हॉस्पिटलपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, झाडांच्या आड एक जुनी इमारत उभी आहे. हाफकिन संस्था हे तिचे नाव.

हाफकिन म्हणजे काय, असे आम्ही अनेकांना विचारले. कोणी म्हणाले औषधांचा कारखाना, कोणी म्हणाले सापाच्या विषावरची लस बनते ते ठिकाण, कोणाला पोलिओचे डोस आठवले. कोणीच खोटे बोलले नाही. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे आणि त्या माणसाला केवळ त्याच्या जन्मामुळे आयुष्यभर दाराबाहेर उभे केले गेले, हे मात्र एकानेही सांगितले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मार्च हा आपल्या चळवळीचा महिना. २ मार्च १९३० रोजी आमच्या नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पेटले. १० मार्च हा सावित्रीमाईंचा स्मृतिदिन आणि १५ मार्च ही मान्यवर कांशीरामजींची जयंती. याच १५ मार्चला, १८६० साली, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील आणि आजच्या युक्रेनमधील ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात वाल्डेमार हाफकिन जन्मले. तारखा जुळल्या म्हणून आम्ही हे सांगत नाही, ते काम पंचांगवाल्यांचे. आम्ही सांगतो ते त्यांच्या जीवनाचा आपल्या जीवनाशी संबंध आहे म्हणून.

झारच्या रशियात ज्यू म्हणून जन्माला येणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला फार समजावून सांगायला नको. कुठे राहायचे, कोणता धंदा करायचा, कोणत्या नोकरीची आशा धरायची, हे सगळे जन्माने ठरलेले. १८८१ साली झारची हत्या झाली आणि त्याचा राग ज्यूंवर निघाला. गावोगाव त्यांची घरे, दुकाने लुटली गेली. ओडेसात ज्यू तरुणांनी आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी पथके उभारली. विद्यार्थी हाफकिन त्यात होते. ते जखमी झाले आणि वर त्यांनाच अटक झाली. मार खाणाऱ्यालाच आरोपी करायचे, ही रीत कुठल्या एका देशाची नाही. त्यांचे गुरू, जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह, मध्ये पडले म्हणून ते सुटले. हेच मेचनिकोव्ह पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

शिक्षण पूर्ण झाले, संशोधनही नावाजले गेले. तरी विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेना. अडचण बुद्धीची नव्हती, जन्माची होती. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा बाप्तिस्मा घ्या, मग दार उघडेल, असा तो मामला होता. हाफकिन यांनी नकार दिला आणि १८८८ पर्यंत ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातल्या छोट्या जागेवर काम केले. पदवी आहे, विद्वत्ता आहे, पण बसायला खुर्ची नाही, हे वाचताना आम्हाला १९१७ चे बडोदे आठवते. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत होते आणि त्या शहरात त्यांना राहायला छप्पर मिळत नव्हते.

इथे एखादा वाचक विचारील की हाफकिन यांनी आपला धर्म सोडायला नकार दिला आणि बाबासाहेबांनी तर १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली. मग ही तुलना कशी बसते? आमच्या मते ती बसते. हाफकिन यांना नोकरीच्या बदल्यात विवेक विकायला सांगितले होते, तो त्यांनी विकला नाही. बाबासाहेबांना ज्या धर्मात माणूसपण नव्हते तिथे पडून राहायला सांगितले जात होते, तेही त्यांनी ऐकले नाही. एकाने राहण्याची किंमत मोजली, दुसऱ्याने बाहेर पडण्याची. सौदा दोघांनीही केला नाही.

१८८८ मध्ये हाफकिन यांनी देश सोडला. एक वर्ष जिनिव्हात काढले आणि १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. मेचनिकोव्ह तिथे आधीच गेले होते. परंतु संशोधकाची जागा रिकामी नव्हती. होती ती सहायक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतूंशी झटायचे. पुढे अलेक्झांडर येर्सिन हे संशोधक संस्था सोडून गेले तेव्हा त्यांची जागा हाफकिन यांना मिळाली. याच येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधून काढला. जंतू शोधणारा आणि त्यावर लस काढणारा, दोघे एकाच खुर्चीवर बसून गेले होते.

हाफकिन यांनी आधी हात घातला तो कॉलऱ्याला. आपल्याकडे त्याला पटकी म्हणत. यात्रा आली की पटकी आली, हे गोदाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा निघे आणि तो पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडण्याचे काम आपल्याच माणसांच्या गळ्यात पडे. हाफकिन यांनी देवीचा कोप बाजूला ठेवला आणि जंतूकडे पाहिले. गिनीपिगच्या शरीरातून तो जंतू पुन्हा पुन्हा नेऊन त्यांनी आधी जहाल केला, मग उष्णतेने दुबळा केला. दुबळा जंतू आधी टोचायचा, शरीराला लढायला शिकवायचे आणि काही दिवसांनी जहाल जंतू टोचायचा, अशी ती रीत. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली लस टोचली ती स्वतःला.

१८९३ मध्ये ते भारतात आले. सुमारे अडीच वर्षांत ४२ हजारांच्या आसपास लोकांना त्यांनी लस टोचली. इंग्रज सैनिक, चहामळ्यांतले मजूर, कलकत्त्याच्या बस्त्यांमधील गोरगरीब, गयेच्या तुरुंगातील कैदी. टोचून घेण्याची सक्ती नको, हा त्यांचा आग्रह होता. तरीही चळवळीचा माणूस म्हणून एक प्रश्न आम्ही विचारणारच. तुरुंगातल्या कैद्याचा आणि मळेवाल्याच्या ताब्यातल्या मजुराचा होकार हा कितपत खरा होकार असतो? लशीचा पुरावा जगाला मिळाला तो या माणसांच्या शरीरावर. हाफकिन यांच्या गौरवात त्या गरिबांचा वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

कलकत्त्याच्या बस्त्या तलावांच्या काठी वसलेल्या होत्या. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी तिथल्याच एका तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवून दिला होता. म्हणजे पाणी कशाने बाटते, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने तेव्हाच दिले होते. पाणी घाणीने बाटते, माणसाच्या स्पर्शाने नव्हे. त्यानंतर ४३ वर्षांनी महाडच्या सनातन्यांनी काय केले? बाबासाहेबांच्या आणि सत्याग्रहींच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून त्यात शेण आणि गोमूत्राचे घडे ओतून ते शुद्ध करून घेतले! जंतू पाहणारा डोळा आणि जन्म पाहणारा डोळा यांत हा फरक आहे. हाफकिन यांच्या आयुष्यात पुढे जे घडले ते समजून घ्यायला हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. बघता बघता गाठीच्या तापाने मुंबई ग्रासली. गिरण्या ओस पडल्या, लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्यांनी लस करायला घेतली. कामाचा ताण असा की एक मदतनीस आजारी पडला आणि दोघे सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत.

लस कशी केली तेही थोडक्यात सांगतो. मांसाच्या रसाने भरलेल्या काचेच्या चंबूत प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांच्या बुडाशी जंतू धरत आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढत. मधून मधून चंबू हलवायचा म्हणजे पारंब्या गळून तळाशी जात आणि नव्या फुटत. असे काही आठवडे चालले की चंबू जंतूंनी भरे. मग तो सुमारे एक तास तापवून जंतू मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. घरातले तूप आणि प्रयोगशाळेतला चंबू यांच्या मेळातून तयार झालेली ही लस म्हणजे आज ज्याला आपण जैवतंत्रज्ञान म्हणतो त्याचा या देशातला एक पहिलावहिला धडा आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा पुढे लोकांना दिली गेली तिच्यापेक्षा कितीतरी मोठी, १० घनसेंटिमीटर. ताप आला, दंड सुजला, पण जीवाला धोका नव्हता हे सिद्ध झाले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचली गेली. न टोचलेल्या कैद्यांपेक्षा त्यांच्यात रोगाचे प्रमाण फार कमी राहिले.

वाचकहो, आता ही तारीख आपल्या इतिहासाशेजारी ठेवून पाहा. १० जानेवारीला हाफकिन यांनी लस टोचून घेतली. ९ फेब्रुवारीला कामगार चळवळीचे जनक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगने गेले. आणि बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग याला प्लेग झाला, तेव्हा माईंनी त्याला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या हडपसरच्या दवाखान्यात आणले. मूल वाचले, माई वाचल्या नाहीत. एकाने दुसऱ्याच्या जिवासाठी सुई आपल्या दंडात घेतली, दुसरीने दुसऱ्याचे मूल आपल्या पाठीवर घेतले. दोघांची भेट कधी झाली नाही, परंतु दोघे एकाच जातीचे होते. ती जात म्हणजे माणुसकी.

प्लेग जात पाहत नव्हता. आमच्या नाशिक जिल्ह्यातही तो आला. १८९९ मध्ये भगूरला सावरकरांच्या घरात शिरला आणि घरचे कर्ते दामोदरपंत गेले. ब्राह्मण आळीत आणि महारवाड्यात एकच जंतू फिरत होता. गावे ओस पडली, लोक मळ्यात झोपड्या घालून राहिले. फरक होता तो एवढाच की ज्याच्याकडे मळा होता त्याला झोपडी घालायला जागा होती आणि ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला तीही नव्हती.

लोक लशीला घाबरत होते. त्याला कारणे होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला आणि पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. आज सोजीर आणणारे सरकार उद्या सुई आणते, तर तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? अफवांना ऊत आला. २०२१ साली कोरोनाच्या लशीबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये काय काय बोलले जात होते ते आठवा, म्हणजे १८९७ च्या माणसाला आपण हसणार नाही. यावर हाफकिन यांचा उपाय दंडुक्याचा नव्हता. आधी स्वतः टोचून घ्या, मग समाजाच्या पुढाऱ्यांना तयार करा आणि आकडे उघड मांडा, हा तो उपाय. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्यामागून हजारो खोजांनी टोचून घेतली.

सर्वांत मोठा पुरावा मिळाला तो बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी, १८९८ च्या फेब्रुवारीत. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचायची आणि निम्म्यांना नाही, असे ठरले. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच. फरक फक्त लशीचा. पुढे हिशेब झाला तेव्हा टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले होते आणि न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६. आकडे काय बोलतात ते शाळकरी पोरालाही कळेल. याच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पुढे १९१३ साली तरुण भीमरावांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, ही गोष्ट आपण जाणतोच.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. जिथे लाटसाहेबांच्या मेजवान्या होत तिथे लशीचे चंबू मांडले गेले. याच प्लेगमुळे १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्ट निघाला, ज्याला आपण बीआयटी म्हणतो. कोंदट वस्त्या पाडून कामगारांसाठी या ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब कितीतरी वर्षे राहिले. लशीची प्रयोगशाळा आणि बाबासाहेबांची चाळ, दोन्ही प्लेगच्याच तडाख्यातून परळला उभ्या राहिल्या.

आता त्या घटनेकडे वळू, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला आणि तिथल्या सरकारने लाखोंच्या संख्येने लशीची मागणी केली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ लोकांना लस टोचली गेली. त्यासाठी पाच बाटल्या फोडल्या होत्या. त्यांपैकी ५३ एन क्रमांकाच्या बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले त्यांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ जण मेले. इतर बाटल्यांमधून टोचलेल्यांपैकी एकालाही काही झाले नाही.

१९ माणसांचे मरण ही छोटी गोष्ट नाही. चौकशी व्हायलाच हवी होती आणि ती झाली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. प्रश्न एकच होता, धनुर्वाताचा विष बाटलीत शिरला कुठे? परळच्या प्रयोगशाळेत की मुलकोवालच्या झाडाखाली? आयोगाने बोट दाखवले ते परळकडे. लस लवकर आणि भरपूर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड घालण्याची रीत सोडून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. तेच त्यांच्या विरुद्ध धरले गेले. त्यांना कामावरून दूर केले गेले आणि ते युरोपात परतले.

परंतु पुरावा वेगळेच सांगत होता. त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुचकळून तोच चिमटा वापरला गेला. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, हे शास्त्र तेव्हाही जाणत होते. शिवाय तो जंतू प्रयोगशाळेत शिरून आठवडेच्या आठवडे बाटलीत वाढला असता तर बाटली फोडताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. म्हणजे दोष जागेवरचा होता. तरी इतकी वर्षे दोष चिकटून राहिला तो हाफकिन यांना.

का? कारण हाफकिन हे बाहेरचे होते. ते ज्यू होते. ते रशियातून आलेले होते आणि इंग्रजांना प्रत्येक रशियन हेर वाटे. ते डॉक्टरीची पदवी घेतलेले नव्हते, प्राणिशास्त्रातून आलेले होते आणि सरकारी वैद्यकीय सेवेतल्या साहेबांना हा उपरा आपल्या डोक्यावर बसलेला खपत नव्हता. फ्रान्समध्ये १८९४ साली कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती. हाफकिन प्रकरणाला अनेकांनी छोटे ड्रेफस प्रकरण म्हटले ते उगाच नव्हे. तळे कशाने बाटले हे न पाहता कोणाच्या स्पर्शाने बाटले हे पाहणारी नजर आणि बाटली कुठे बाटली हे न पाहता ती कोणाच्या हातची हे पाहणारी नजर, आमच्या मते या दोन नजरा सख्ख्या बहिणी आहेत.

हाफकिन रडत बसले नाहीत. त्यांनी कागद जमवले, साक्षी तपासल्या, इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांपुढे प्रकरण मांडले. मलेरियाचे कोडे सोडवणारे नोबेल मानकरी रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना निर्दोष मानून पुन्हा भारतात येऊ दिले. घटना १९०२ ची, न्याय १९०७ चा.

आणि न्याय तरी कसला! स्वतःच्या हाताने उभारलेली परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. त्यांची रवानगी कलकत्त्याला झाली. तिथे लस बनवण्याची सोयच नव्हती. निर्दोष ठरवायचे, पण अधिकाराच्या जागेवर येऊ द्यायचे नाही, ही तऱ्हा आपल्या समाजातील किती अधिकाऱ्यांनी सोसली असेल! सात-आठ वर्षे तशीच काढून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात गेले. लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते ज्यू धर्माच्या जुन्या आचारांकडे वळले, त्यांच्या बाजूने लिहिले आणि आपली मिळकत ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली. आम्ही तथागतांच्या मार्गाने जाणारे. तपासल्याशिवाय काही मानू नये ही आमची शिकवण. त्यांची ती मते आम्हाला पटणारी नाहीत, पण त्यामुळे त्यांचे काम लहान होत नाही.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी नाशिकमध्ये काळारामाचा सत्याग्रह चालू होता आणि पहिल्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब लंडनला पोहोचले होते. दार बंद करणारी व्यवस्था आणि दार ठोठावणारी माणसे, सगळे आपापल्या जागी होते.

त्याआधी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले होते. तोवर तिथून लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. लस परिपूर्ण नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तिचे संरक्षण काही महिन्यांपुरते आणि तेही सर्वांना नाही. भारतात प्लेगने १ कोटीहून जास्त माणसे नेली. आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत. परंतु औषध नव्हते तेव्हा माणसाच्या हातात असलेली ढाल हीच होती.

हाफकिन यांच्या मागे संस्थेचे काम थांबले नाही. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी प्लेगची लस सुधारली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सल्फा औषधांचे रसायनशास्त्र इथे उभे केले. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते. औषधे परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नका, देशातच बनवा आणि गरिबाला परवडतील अशी बनवा, हा त्यांचा ध्यास. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला तो याच विचारातून. १९७० च्या पेटंट कायद्याने स्वस्त औषधांचा रस्ता आणखी मोकळा केला. लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये नमूद आहे. म्हणजे लस ही मेहेरबानी नाही, ती आपल्या हक्काची गोष्ट आहे.

मग आजचा प्रश्न काय? प्रयोगशाळेत कोण आहे, हा आजचा प्रश्न आहे. आपली माणसे तिथे पूर्वीही होती. चंबू धुणारी, उंदीर उचलणारी, झाडू मारणारी, आणि ज्यांच्या दंडावर प्रयोग झाले ती. निष्कर्ष लिहिणाऱ्याच्या खुर्चीवर मात्र ती नव्हती. आता आपली मुले-मुली नीट देतात, सेट-नेट देतात, सूक्ष्मजीवशास्त्रात, रसायनशास्त्रात संशोधन करतात. १९९८ पासून राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या नाशिकमध्येच आहे. दार उघडले आहे, पण आतली नजर बदलली का? २००६ मध्ये दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाच्या चौकशीसाठी प्रा. सुखदेव थोरात यांची समिती नेमावी लागली आणि २००७ च्या तिच्या अहवालाने भेदभाव असल्याचे सांगितले. तिथल्या विद्यार्थ्याला हाफकिन परके वाटायचे कारण नाही. त्याला प्रवेशाच्या वेळी एकदा सिद्ध व्हावे लागते आणि कुठे चूक निघाली की पुन्हा. दुसऱ्याची चूक ही चूक असते, याची चूक मात्र याच्या जन्माची ठरते.

अशा प्रत्येक विद्यार्थ्याने मुलकोवालचा चिमटा लक्षात ठेवावा. आरोप झाला की खचून जाऊ नये. कागद सांभाळावेत, नोंदी ठेवाव्यात, साक्षीदार जमवावेत आणि एकटे राहू नये. हाफकिन यांच्या मागे दहा शास्त्रज्ञ उभे राहिले, आपल्या मुलांमागे आपण उभे राहायचे आहे. बाबासाहेबांनी दिलेला संघटनेचा मंत्र मोर्चापुरता नाही, तो प्रयोगशाळेतल्या एकट्या पोरासाठीही आहे.

येत्या ६ डिसेंबरला नाशिकहून चैत्यभूमीला जाल तेव्हा वेळ काढून परळला वळा. लेकराला ती इमारत दाखवा आणि सांगा, एका बहिष्कृत माणसाने इथे लाखोंसाठी लस बनवली. त्याचा दोष त्याच्या जन्मात शोधला गेला, त्याने उत्तर पुराव्यात दिले. तुलाही तेच करायचे आहे.

जयभीम!